सोयाबीन : मृगात पेरायचं की थांबायचं? आणि दोन तासांत (पेरणीच्या ओळींत) अंतर किती?

काळंरान (औसा)

मंडळी, वाद दरवर्षीचाच आहे, पण यंदा घरातच पेटलाय म्हणून धागा काढतोय.

सहा एकर रान. त्यातलं चार एकर भारी काळं, दोन एकर वरच्या अंगाचं मुरमाड. विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत पुरतं, तेही हरभऱ्यासाठी राखायचं असतं. वडिलांचं म्हणणं, मृग साधला की पीक साधलं आणि अंतर अठरा इंचच. तिफण (तीन फणांचं बैलाचं पेरणी अवजार) होती तेव्हापासून तेच चालू आहे. धाकटा भाऊ व्हिडिओ बघून टोकणीच्या (हातानं ठरावीक अंतरावर दाणे लावण्याच्या) मागे लागलाय, वरंबा करायचा आणि झाड मोकळं ठेवायचं म्हणतो. बांधाशेजारचे काका बारा इंचावर पेरतात आणि एकरी बॅग संपवून वर दहा किलो टाकतात. प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं, आणि प्रत्येकाकडे एखाद्या चांगल्या वर्षाचा दाखला आहे.

गेल्या आठवड्यात दोन सरी झाल्या. ढेकूळ वरून भिजलंय, वीतभर उकरलं तर खाली भुगा. तरी निम्मं गाव पेरून मोकळं झालं. मी थांबलोय, पण घरात रोज बोलणी खातोय. पेरणी पुढे गेली तर अंतरही बदलावं लागतं का, की अंतर जमिनीवर ठरतं? वाण आहेत एमएयूएस ६१२ आणि थोडं फुले संगम.

वापसा

थांबलात ते बरोबर केलंत. घरच्यांना माझं नाव सांगा.

कृषी खात्यात नोकरी झाली, तिथं दर जूनमध्ये हेच सांगत आलो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि वापसा आल्याशिवाय (रान खोलवर ओलं, पण चिखल नाही असं झाल्याशिवाय) सोयाबीनला हात लावू नका. ज्वारी-बाजरीचं बी थोडक्या ओलीत कसंबसं निघतं. सोयाबीनच्या दाण्याला कोंब फुटायलाच स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी लागतं. वरच्या दोन बोटं ओलीत दाणा फुगतो, मग ऊन पडतं आणि तो तिथंच कुजतो. मग बियाणं बोगस निघालं म्हणून बोंब. काही वेळा ते खरंच बोगस असतं, २०२० च्या जूनमध्ये राज्यभर उगवणीच्या तक्रारी झाल्या होत्या. पण दरवेळी दोष बियाण्याचाच नसतो.

२०२५ आठवा. मान्सून २६ मेला मुंबईत. मे महिन्यातच रानं तुडुंब, त्यामुळे पेरायचा मोह भल्याभल्यांना झाला. पुढे पावसानं दडी मारली ती वेगळी गोष्ट, पण समजा ते सगळं पीक छान उगवलं असतं, तरी ते कापायला कधी आलं असतं? १२ जूनला पेरलेलं ९५ दिवसांचं वाण १५ सप्टेंबरला वाळतं. मराठवाड्यात १५ सप्टेंबर म्हणजे ऐन पाऊस. २०२५ च्या सप्टेंबरनं धाराशिव, बीड, लातूरकडे काय केलं ते इथल्या कुणाला सांगायला नको.

म्हणून मृग साधण्याचा हट्ट कापूस-मुगाला ठीक आहे. सोयाबीनला १५ जून ते जुलैचा पहिला आठवडा ही खरी वेळ. १५ जुलैपर्यंत पेरता येतं, पण तोवर उताऱ्यात (एकरी उत्पादनात) घट सुरू झालेली असते.

शंकासुर

का पण? महिनाभर उशिरा पेरलं तर महिनाभर उशिरा पिकेल. उतारा का कमी व्हावा? मी शहरातला आहे, शेती वडिलोपार्जित आणि वाट्यानं दिलेली, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर हसा.

वापसा

बाळबोध नाही, सगळं मर्म यातच आहे.

सोयाबीन दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. दिवस लहान व्हायला लागला की त्याला फुलायची घाई होते. आपल्याकडे २१ जूनला दिवस सुमारे तेरा तासांचा, मग तो आखडत जातो. २० जूनला पेरलेल्या झाडाला वाढायला जेवढा काळ मिळतो तेवढा १५ जुलैच्या झाडाला मिळत नाही, ते बुटकं असतानाच फुलावर येतं. पेरं कमी, फांद्या कमी, म्हणजे शेंगा लागायच्या जागाच कमी. वर त्याचे दाणे भरायची वेळ सप्टेंबरअखेर-ऑक्टोबर. तेव्हा पाऊस गेला की हलक्या रानात ओल संपते आणि पापडी (कोवळी शेंग) न भरता तशीच चपटी राहते.

आता काळंरान यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. होय, तारीख पुढे गेली की अंतर बदलतं, कारण झाडच लहान होणार असतं. जूनमध्ये पेरलेलं झाड १८ इंचांचा तास चाळीस-पंचेचाळीस दिवसांत झाकून टाकतं. जुलैच्या मध्यावर पेरलेलं तेवढं पसरतच नाही.

पारख सोपी आहे. पोळ्याच्या सुमाराला भर दुपारी बारा वाजता शेतात जाऊन तासात उभं राहा आणि पायाकडे बघा. जमिनीवर उन्हाचा पट्टा दिसला तर तेवढं ऊन वाया चाललंय, ते तण खातंय आणि ओलही उडतेय. ऊन ठिपक्याठिपक्यांनी पडत असेल तर अंतर जमलं. काहीच दिसत नसेल, खालची पानं पिवळी पडून गळत असतील आणि हात घातला तर आत कुबट दमट लागत असेल, तर दाटी झालीय.

डवरा_वाशिम

साहेब, कागदावर सगळं बरोबर. पण अठरा इंच कुठून आले ते कोणी सांगत नाही. ते झाडानं ठरवलेले नाहीत, डवऱ्यानं (तासातलं तण काढायचं बैलाचं अवजार) ठरवलेत. बैलाचा पाय, डवऱ्याचं पातं, दोन्ही तासातून गेलं पाहिजे. बारा इंचात डवरा घाला, अर्धं पीक पात्याखाली जाते.

आमच्याकडे पंधरा-वीस दिवसांनी पहिली डवरणी, महिन्याभरात दुसरी. त्यानं तण तर मरतेच, पण भेगाही बुजतात अन् झाडाला मातीचा भर लागतो. झड (संततधार) लागली की तणनाशकही मारता येत नाही, मारलं तर धुऊन जाते. तेव्हा डवराच कामी येतो. ज्याच्याकडे बैल आहे त्यानं अठराच ठेवावे.

शंकासुर

आणि ज्याच्याकडे बैल नाहीत? आमच्या गावात आता बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या. सगळं ट्रॅक्टर आणि फवारा. मग अठराचं कारण उरतं कुठं?

देसमॉइन्स

डवऱ्याच्या मुद्द्यावर हसू आलं, कारण इथं आयोवात अगदी हेच आहे, फक्त बैलाच्या जागी मक्याचं प्लांटर. मी मूळचा अकोल्याचा, इथं शेतीच्या यंत्रांच्या कंपनीत आहे.

इथं बरेच शेतकरी सोयाबीन ३० इंचांवर पेरतात, कारण मका ३० इंचांवर असतो आणि एकच यंत्र दोन्ही पिकांना वापरायचं असतं. १५ इंचांवर पेरलं तर बहुतेक वर्षी थोडं जास्त पिकतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दुसरं यंत्र घ्यायचं की नाही, हा हिशेब निराळा.

इथले आकडे मात्र तिकडे जसेच्या तसे नेऊ नका. इथं एप्रिलअखेर ते मेमध्ये पेरणी होते, जूनमध्ये दिवस पंधरा तासांचा असतो, वाणं वेगळी, आणि शेतात पाणी निचऱ्याला जमिनीखाली नळ्या घातलेल्या. लवकर पेरा म्हणजे जास्त पिकेल हे इथं खरं आहे, कारण इथं पुढे थंडी आडवी येते. तुमच्याकडे लवकर पेरलं तर कापणीला पाऊस आडवा येतो. व्हिडिओ बघणाऱ्या धाकट्या भावांना हे जरूर सांगा.

सरत्यावाली (यवतमाळ)

सगळे अंतराचंच बोलताहेत, बियाणं कुणी मोजलं का?

आमच्या घरी पेरणीआधी शंभर दाणे मी स्वतः मोजते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी उलगडायचं आणि फक्त धड कोंब मोजायचे. नुसता फुगलेला, दुभंगलेला, वाकडी मुळी आलेला दाणा धरायचा नाही. सत्तरच्या वर निघाले तर ठीक, साठ-पासष्ट निघाले तर त्या प्रमाणात बी वाढवायचं, त्याखाली असेल तर ते बी पेरायचंच नाही, ऑइल मिलला घालायचं.

दुसरं म्हणजे बॅग. माणसं बॅगेवर पेरतात, दाण्यावर नाही. जेएस ३३५ वाणाचा दाणा बारीक, फुले संगमचा टपोरा. दोन्हींच्या तीस किलोत सारखीच झाडं कशी निघतील? आणि घरचं बी असेल तर पोती आपटू नका. सोयाबीनचं साल पातळ असतं, मळणी यंत्र जोरात फिरवलेलं असेल तर निम्मा दाणा बाहेरून चांगला आणि आतून मेलेला निघतो.

वापसा

ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. हिशेबच मांडतो, कागद-पेन घ्या.

शिफारस ४५ बाय ५ सेंटिमीटरची, दोन तासांत ४५ (तेच अठरा इंच) आणि दोन झाडांत ५. म्हणजे एका झाडाच्या वाट्याला २२५ चौरस सेंटिमीटर, एकरी साधारण १ लाख ८० हजार झाडं. जेएस ३३५ सारख्या वाणाचे शंभर दाणे १२ ग्रॅमच्या आसपास भरतात. तीस किलोत झाले अडीच लाख दाणे. उगवण ७० टक्के धरली की पावणेदोन लाख झाडं. एकरी तीस किलो हा आकडा असा आलेला आहे. आता दाणा १५ ग्रॅमचा असेल तर त्याच तीस किलोत दोन लाखच दाणे, आणि झाडं १ लाख ४० हजार.

आता शेजारच्या काकांचं. त्यांनी दोन गोष्टी एकत्र केल्यात. तास जवळ आणणं वेगळं आणि दाटी करणं वेगळं. ३० सेंटिमीटरवर पेरून झाडात साडेसात सेंटिमीटर ठेवलं तरी वाट्याला २२५ च येतात. झाडं तेवढीच, फक्त चौफेर सारखी पसरलेली, शेजाऱ्याशी भांडण कमी. काका तासही जवळ आणतात आणि बीही वाढवतात. एवढ्या दाटीत झाड उजेडासाठी उंच जातं, खोड बारीक राहतं आणि ऑगस्टच्या एका वादळी पावसात आडवं होतं. फवारणीही वरच्या पानांवरच राहते. चक्री भुंगा आणि अळी आत मजेत.

काळंरान (औसा)

काकांचं पीक लोळतं, हे खरं. पण ते म्हणतात, "दिसायला कसं गच्च दिसतंय!" आणि खरंच ऑगस्टमध्ये बघणाऱ्याला त्यांचंच रान भरलेलं वाटतं.

डवरा_वाशिम

माजलेलं सोयाबीन बांधावरून चांगलंच दिसते. शेंगा मोजायला आत जा म्हणा.

वारणाकाठ (वाळवा)

आमच्याकडची पद्धत सांगतो. साडेचार फुटी सरी, वरंब्याच्या दोन्ही बगलेला टोकण, वीतभराच्या आत एक फुली (दाणे टोकायची जागा), फुलीला दोन दाणे. फुले संगम. एकरी झाडं भरतात ऐंशी हजारांच्या आत-बाहेर, बियाणं पंधरा किलोच्या आसपास. झाड बुडापासून फांद्या घेतं, तासात माणूस शिरतो, फवारणी खालपर्यंत बसते. इकडे तांबेरा रोगाचा त्रास आहे, त्यामुळे वाण तांबेऱ्याला दाद न देणारं हवं आणि हवा खेळती हवी. पाणी साचत नाही, खंड पडला तर सरीतून पाणी देता येतं. सरासरीच्या दीडपट उतारा पडतो. भाऊ म्हणतो ते खोटं नाही.

डवरा_वाशिम

तुमच्याकडे कॅनॉल, नदी. जमीन दोन-तीन एकर. आमच्याकडे कोरडवाहू पंधरा एकर, टोकायला बाया कुठून आणू? वापसा चार दिवस टिकते, तेवढ्यात पेरून मोकळं व्हावं लागते.

वारणाकाठ (वाळवा)

ढकलायचं टोकण यंत्र आलंय की. पण मान्य, पंधरा एकरांना ते नाही पुरत. आणि एक सांगून ठेवतो. टोकणीत चुकलेली फुली महागात पडते. दाट पेरणीत दहा दाणे मेले तरी शेजारचे भरून काढतात, टोकणीत हातभर मोकळं दिसतं. आठवड्याच्या आत नांगे (न उगवलेल्या जागा) भरले नाहीत तर नंतरचं झाड दबून जातं. म्हणून टोकायला बी ऐंशीच्या वर उगवणारं हवं आणि ही पद्धत वेळेवरच्या पेरणीलाच. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात टोकून झाडाला मोकळी जागा दिली तर ते ती भरणार कधी?

वापसा

शेवटचं वाक्य लाखमोलाचं. फांद्या करणारं वाण, भारी जमीन, जूनची पेरणी आणि हाताशी पाणी, या चारही गोष्टी असल्या तर झाड मोकळं ठेवा. एकेक गोष्ट कमी होत जाईल तसे तास जवळ आणा.

मधला मार्ग हवा असेल तर रुंद वरंबा सरी, म्हणजे बीबीएफ. तेही यंत्र मिळत नसेल तर साध्या सात फणी पेरणी यंत्रानं पट्टा पेर करा. सहा तास पेरायचे, सातवा मोकळा सोडायचा, पुढे डवऱ्याला दोरी गुंडाळून त्या मोकळ्या तासात सरी ओढायची. झड लागली तर पाणी बाहेर जातं, खंड पडला तर मुरतं, फवारणीला वाट होते. बी सातवा हिस्सा वाचतं, आणि कडेच्या झाडांना जास्त उजेड मिळाल्यानं उताऱ्यात तूट जाणवत नाही. भारी चिबड (पाणी साचणाऱ्या) रानाला यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

सरत्यावाली (यवतमाळ)

आम्ही त्या सातव्या तासात तूर टाकतो, सरत्यानं (बी सोडायच्या वेगळ्या नळीनं). रिकामा कशाला सोडायचा? सोयाबीन सोंगून झालं की तुरीला सगळं रान मिळतं.

शंकासुर

हलक्या जमिनीचं कुणी बोललं नाही. आमचं वाट्याचं रान सगळं मुरमाड आहे. झाड तिथं तसंही लहानच राहतं, मग दाट पेरावं हे बरोबर ना?

वापसा

तास जवळ आणा, झाडांची संख्या मात्र फार वाढवू नका. हलक्या रानात उजेडाची नाही, पाण्याची टंचाई असते. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. त्या वेळी मुरमाड रानातलं दाट पीक आधी माना टाकून बसलं, कारण तेवढ्याच ओलीला जास्त तोंडं. तिथं लवकर येणारं वाण, १२ ते १५ इंच तास आणि शिफारशीएवढीच झाडं. आणि अशा रानात पेरणी १० जुलैपुढे जात असेल तर सोयाबीनचा आग्रह सोडून तूर किंवा बाजरीकडे वळावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

डवरा_वाशिम

बाजरीला भाव देता का कोणी?

वापसा

ते तुमच्या-माझ्या हातात असतं तर हा धागाच निघाला नसता.

काळंरान (औसा)

सगळ्यांचे आभार. घरात वाचून दाखवलं. वडिलांना पोळ्याची पारख पटली, भावाला टोकणीला चार अटी लागतात हे पटलं नाही, पण विहिरीजवळच्या पाऊण एकरावर संगम टोकायचं ठरलं. बाकी काळ्या रानात ६१२, अठरा इंचांवर सहा तास पेरून सातव्यात तूर. मुरमाडाला १५ इंच करायचे आहेत. पाऊस मनासारखा झाला की सगळं एका दमात पेरणार नाही, चार-पाच दिवसांच्या फरकानं दोन टप्पे करू, म्हणजे कापणीला सगळं एकदम पावसात सापडणार नाही.

दोन शंका उरल्यात. कापणी हार्वेस्टरनं केली तर मोकळ्या पेरणीतल्या बुडाच्या शेंगा राहून जातात का? आणि पेरणी यंत्रातून बी किती पडतंय ते पेरायच्या आधी कसं मोजायचं? भाड्याचा ट्रॅक्टर, ड्रायव्हर म्हणतो "दोन नंबरच्या खाचेवर ठेवलंय, बरोबर पडतं".

देसमॉइन्स

हो, राहतात. मोकळ्या झाडाला शेंगा जमिनीलगत लागतात, दाटीत पहिली शेंग वर सरकते. टोकणीचं रान हातानंच कापा, किंवा मशीननंच कापायचं असेल तर एमएयूएस १६२ सारखं उंच शेंगा धरणारं वाण बघा.

वापसा

खाचेवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक बियाण्याला खाच वेगळी, आणि बीजप्रक्रिया केलेलं बी तर आणखी वेगळं पडतं. बांधाकडेच्या कडक जागेत यंत्र न्या, फण जमिनीला टेकतील न टेकतील इतके उचला, चाक मात्र फिरलं पाहिजे. एका नळीच्या तोंडाला पिशवी बांधा, दहा मीटर मोजून खुणा करा आणि पेरायच्या वेगानंच ट्रॅक्टर चालवा. पिशवीतले दाणे मोजा. अठरा इंचांवर मीटरला २० झाडं हवीत. उगवण ७५ टक्के असेल तर दहा मीटरला २६०-२७० दाणे पडायला हवेत. वजनावर बघायचं तर बारीक दाण्याचे ३२-३३ ग्रॅम, सोनाराचा काटा लागेल. १५ इंच केलेत तर मीटरला १७ झाडं पुरतात, दहा मीटरला साधारण २२५ दाणे. हे एका नळीचं झालं. मग सगळ्या नळ्यांना पिशव्या बांधून परत एकदा चालवा, एखादी तुंबलेली किंवा जास्त सोडणारी हमखास सापडते.

खोली दीड इंचाच्या आत. ड्रायव्हर घाई करेल, त्याला आधी चहा पाजा.

सरत्यावाली (यवतमाळ)

आणि पिशवीतलं बी परत डब्यात ओतताना फुटके दाणे किती निघाले तेही बघा. यंत्राची चकती घासलेली असली तर तिथंच दाणा फुटतो, गोणपाटावर कितीही उगवला असला तरी.

काळंरान (औसा)

मोजून आलो. दोन नंबरच्या खाचेवर दहा मीटरला तीनशे नव्वद दाणे पडत होते, आणि पाचवी नळी जवळपास बंदच होती. ड्रायव्हर म्हणे, गावात सगळ्यांचं असंच पेरलंय.